थंडीत गोल्फ सुधारायचाय? मग ड्रायव्हर बाजूला ठेवा!

"गोल्फ? तो काय गेम आहे? रिटायर्ड लोकांचा मॉर्निंग वॉक आहे तो!" हे माझ्या रूममेटचं ठाम मत. खरं सांगायचं तर माझंही मत फार वेगळं नव्हतं. पण गेल्याच्या गेल्या दिवाळीत मामाने त्याचा जुना हाफ सेट माझ्या हातात ठेवला आणि पहाटे साडेसहाला मला कोर्सवर उभं केलं. तेव्हा कळलं, की गवतावर शांतपणे पडलेला तो इवलासा बॉल हा जगातला सर्वांत उद्धट प्राणी आहे. क्रिकेटमध्ये निदान समोरून कोणीतरी बॉल टाकतं, त्यामुळे चुकलो तर बॉलरला श्रेय देता येतं. इथे बॉल हलत नाही, कोणी घाई करत नाही, तरी लागत नाही!

तर मित्रांनो, हा लेख माझ्यासारख्याच नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी नुकताच क्लब हातात धरलाय, ज्यांच्याजवळ वेळ कमी आणि पॉकेटमनी त्याहून कमी आहे, त्यांनी थंडीच्या चार महिन्यांत काय करावं? आणि मुख्य म्हणजे काय करू नये? (ते मी स्वतः करून पाहिलेलं आहे.)

आपला हिवाळा आणि त्यांचा हिवाळा

गोल्फचे इंपोर्टेड व्हिडिओ पाहिले तर हिवाळा म्हणजे सुट्टी. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात कोर्स बर्फाखाली जातात. स्कॉटलंडमध्ये दंव गोठलं की खऱ्या ग्रीनवर पायसुद्धा ठेवू देत नाहीत, कारण गोठलेलं गवत पायाखाली मोडतं. मग ती मंडळी घरातल्या कार्पेटवर पटिंग करतात आणि गॅरेजमध्ये जाळी लावून फटके मारतात. आपल्या देशातही गुलमर्गचा कोर्स हिवाळ्यात बर्फाखालीच असतो.

महाराष्ट्रात मात्र सगळं उलटं. आपली सुट्टी पावसाळ्यात, जेव्हा फेअरवेवर डबकी साचतात आणि बॉल चिखलात रुतून बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला खरा सीझन. पाऊस नाही, ऊन सोसवतं, जमीन कडक झालेली असल्यामुळे बॉल पडल्यावर छान घरंगळतो. गवतही ओळखीचंच. आपल्याकडच्या कोर्सवर जे बर्म्युडा गवत असतं, ते म्हणजे आपल्या हरळीचेच प्रकार. गणपतीला वाहतो त्या दूर्वांचे चुलतभाऊ म्हणा ना!

फक्त एक घोळ आहे. याच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सबमिशन, ओरल्स आणि सेमिस्टरची परीक्षा येते. म्हणजे हातात चार महिने दिसत असले तरी कोर्सवर जायला मिळतात ते दोनच. उरलेले दोन हॉस्टेलच्या खोलीत. पण गंमत अशी, की ते खोलीतले दोन महिनेच जास्त उपयोगी पडतात. कसे, ते पुढे येईलच.

माझा वाया गेलेला हिवाळा

आधी माझी चूक सांगते. पहिल्या हिवाळ्यात मी काय केलं, तर दर रविवारी ड्रायव्हिंग रेंजवर शंभर बॉलची बादली विकत घ्यायची आणि त्यातले ऐंशी ड्रायव्हरने हाणायचे. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब दांड्याचा, मोठ्या डोक्याचा क्लब. नीट लागला की जो 'टण्ण' आवाज येतो ना, त्याची नशा असते. दहातले आठ वाकडे जायचे, पण लक्षात राहायचे ते उरलेले दोन. घरी येताना वाटायचं, आज काय खेळलो आपण!

नोव्हेंबरमध्ये नऊ होलचा माझा स्कोअर होता 68. फेब्रुवारीत झाला 67. चार महिने, तेवढे पैसे, हाताला फोड आणि फरक फक्त एका फटक्याचा! त्या दिवशी मी खरंच ठरवलं होतं, की सेट मामाला परत द्यायचा आणि टेबल टेनिस खेळायचं.

वाचवलं ते आमच्या कॅडीकाकांनी. वीस-पंचवीस वर्षं लोकांच्या बॅगा उचलून त्यांनी जेवढा गोल्फ पाहिलाय, तेवढा मेंबर लोकांनी खेळलेलाही नसेल. ते म्हणाले, "ताई, कार्डावर नुसता आकडा नका लिहू. कुठनं किती मारले ते लिहा. मग बघा."

लिहिलं. 67 फटक्यांचा हिशेब असा निघाला: ड्रायव्हरने 7 (उरलेल्या दोन छोट्या होलना ड्रायव्हर लागत नाही). ग्रीनपासून 50 यार्डांच्या आतून मारलेले 16. ग्रीनवर पटरने ढकललेले 24. बाकी सगळं, म्हणजे मधले फटके आणि हरवलेल्या बॉलचा दंड मिळून, 20.

आपल्याला क्वालिटी कंट्रोलमध्ये परेटो ॲनॅलिसिस शिकवतात, आठवतंय? थोड्या कारणांमुळे बहुतेक नुकसान होतं, ती कारणं आधी शोधा. इथे 67 पैकी 40 फटके, म्हणजे जवळजवळ 60 टक्के, शेवटच्या 50 यार्डांत जात होते. ड्रायव्हरचा वाटा होता 10 टक्के. आणि मी प्रॅक्टिसचे 80 टक्के बॉल कशावर घालवत होते? त्याच ड्रायव्हरवर! एम-थ्रीचा पेपर असताना ग्राफिक्सच्या शीटला शेडिंग करत बसण्यासारखं झालं हे.

आणि हे फक्त नवशिक्यांचं नाही. 18 होलच्या मोठ्या कोर्सचा पार बहुतेक वेळा 72 असतो. पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत इतके फटके. तो ठरवताना प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. म्हणजे 36. म्हणजे अर्धा गेम!

थोडं गणित (घाबरू नका)

होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो, जगात सगळीकडे तेवढाच. बॉलचा व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर. हळू आलेला बॉल आत पडायला त्याचा मध्य होलच्या कडेच्या आत आला की पुरतं. म्हणजे मधोमधपासून दोन्हीकडे 54 मिलिमीटर चूक चालते. आता कॅलक्युलेटर काढा. एक मीटरवरून ही चूक होते साधारण 3 अंश. दोन मीटरवरून दीड अंश. तीन मीटरवरून फक्त 1 अंश! आणि बॉल जोरात असेल तर एवढीही सूट नाही, तो कडेवरून उडी मारून पुढे जातो. म्हणून पटिंगमध्ये दोनच गोष्टी: पटरचा फेस सरळ हवा आणि वेग बेताचा हवा. बाकी सगळी स्टाइल.

दुसरं, बॉल कुठे सुरू होणार हे मुख्यतः क्लबचा फेस ठरवतो. पूर्वीच्या पुस्तकांत उलटं लिहिलेलं असायचं, की स्विंगची दिशा ते ठरवते. नंतर रडारवर मोजल्यावर खरं काय ते कळलं. फेस आणि स्विंगची दिशा यांच्यात जो फरक असतो, त्यामुळे बॉल हवेत वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेक नवशिक्यांचा फेस उघडा राहतो आणि स्विंग बाहेरून आत येतो, म्हणून बॉल केळ्यासारखा उजवीकडे वळत जातो. हाच तो बदनाम स्लाइस. ड्रायव्हरचा फेस जवळजवळ उभा असल्यामुळे ही चूक त्यात भरपूर दिसते. वेजचा फेस बराच कललेला असतो, त्यामुळे तीच चूक त्यात कमी दिसते. म्हणजे शिकायला सुरुवात कशाने करावी, हे वेगळं सांगायला नको.

तिसरं, थंडीचं. पहाटे 10 अंश आणि दुपारी 30 अंश तापमान असेल, तर आयडियल गॅस लॉप्रमाणे पहाटेची हवा सुमारे 7 टक्के जास्त घट्ट असते. थंड बॉलही कमी उसळतो. वर अंगात स्वेटर. त्यामुळे सकाळी बॉल कमी लांब गेला तर आणखी जोर लावू नका. एक मोठा क्लब घ्या आणि तसाच आरामात मारा. जोर लावला की फेस वळतो आणि मग बॉल शोधायला झुडपात!

परीक्षेचे दोन महिने: खोलीतला गोल्फ

अभ्यासाच्या मधल्या ब्रेकमध्ये रोज वीस मिनिटं काढा. खर्च शून्य.

१) पटिंग. हॉस्टेलच्या फरशीवर बॉल भलताच पळतो, म्हणून सतरंजी किंवा चटई अंथरा. दोन जाड पुस्तकं (शेवटी कशाला तरी उपयोगी पडली!) पटरच्या डोक्यापेक्षा बोटभर जास्त अंतरावर समोरासमोर ठेवा. त्या फटीतून पटर पुस्तकांना न लागता मागे-पुढे गेला पाहिजे. टार्गेट म्हणून स्टीलचा पेला आडवा ठेवा. त्याचं तोंड खऱ्या होलपेक्षा बरंच लहान असतं, त्यामुळे महिनाभराने कोर्सवर गेलात की होल विहिरीएवढं वाटतं. एक मीटरवरून सलग दहा आत गेल्याशिवाय दोन मीटरवर जायचं नाही. नववा चुकला? पुन्हा एकपासून. चिडचिड होते, पण दहावा मारताना हात कापतात ना, तीच खरी प्रॅक्टिस.

२) ग्रिप. क्लबशी बॉलपेक्षा जास्त वेळ आपल्या हातांचाच संबंध येतो. पिकलेलं केळं धरावं तसा क्लब धरायचा: सुटू नये, पण चेंगरूही नये. टेबलाजवळ क्लब ठेवा, प्रत्येक चॅप्टर संपला की उचला, नीट ग्रिप घ्या, खाली ठेवा. दिवसातून वीस वेळा. दोन आठवड्यांत हात आपोआप जागेवर जातात.

३) बॉलशिवाय स्विंग. हा माझा सर्वांत आवडता भाग. बॉल समोर नसला की आपण मारत नाही, स्विंग करतो. आरशासमोर अगदी सावकाश, ताई-ची करतात तसा, मागे दहा सेकंद आणि पुढे दहा सेकंद. डोकं भिंतीला टेकवलेल्या उशीवर ठेवून नुसतं खांदे वळवून पाहा (क्लब हातात न घेता!). डोकं किती पळतं ते लगेच कळेल. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एकदा समोरून आणि एकदा मागून शूट करा. पहिल्यांदा पाहिलं की धक्का बसतो, कारण आपल्या मनातला स्विंग टायगर वुड्सचा असतो आणि स्क्रीनवरचा धोबीघाटावरचा. हार्वी पेनिक नावाच्या अमेरिकन कोचने 1992 च्या आपल्या 'लिटल रेड बुक'मध्ये गवत कापायचं लांब दांड्याचं अवजार फिरवायला सांगितलंय. गवत कापणारा माणूस कधी जोर लावत नाही, लयीत झुलवतो. आपल्या कोर्सवरच्या माळीमामांना दोन मिनिटं नीट बघा, तेच दिसेल.

४) शरीर. स्क्वॉट्स, प्लँक आणि कंबर-खांदे मोकळे करणारे व्यायाम. गोल्फचा जोर दंडात नसतो, पाय आणि कमरेत असतो. आणि थंडीत पहिला बॉल मारायच्या आधी दहा मिनिटं अंग गरम करा, नाहीतर पाठ धरलीच समजा.

जानेवारी-फेब्रुवारी: कोर्सवर

आता बाहेर पडा, पण होलपासून मागे मागे या. आधी पट, मग चिप, मग आयर्न, सर्वांत शेवटी ड्रायव्हर. पेनिक नवशिक्यांना हाच क्रम सांगायचे आणि टायगरच्या वडिलांनीही त्याला लहानपणी असंच ग्रीनपासून उलटं शिकवलं होतं.

चिपिंगसाठी एक टॉवेल पुरतो. ग्रीनच्या कडेपासून दोन-तीन पावलं आत तो अंथरा आणि बॉल होलमध्ये नाही, टॉवेलवर पाडायचा एवढंच लक्ष्य ठेवा. वजन डाव्या पायावर, हात बॉलच्या थोडे पुढे, मनगट शांत. बॉलला वर उचलायला जाऊ नका. ते काम क्लबच्या कललेल्या फेसचं आहे, त्याला करू द्या. आपण उचलायला गेलो की क्लब एकतर आधी जमिनीत घुसतो किंवा बॉलच्या डोक्यावर बसतो. माझे 16 पैकी निम्मे फटके याच उचलाउचलीत जायचे.

सकाळी लवकर जात असाल तर दवाचा फायदा घ्या. ओल्या ग्रीनवर बॉल हळू जातो हे खरं, पण जाताना मागे स्पष्ट रेघ उमटवतो. कुठे सुरू झाला, कुठे वळला, सगळा ग्राफ फुकटात! तोच पट पुन्हा मारा आणि दोन रेघा शेजारी शेजारी पाहा. फेस सरळ होता की नाही, याचं उत्तर समोर लिहिलेलं असतं. साडेआठला ऊन आलं की हा ग्राफ पुसला जातो, म्हणून अंथरूण सोडा.

रेंजवर शंभरऐवजी पन्नास बॉल घ्या आणि एकाच क्लबने सलग दोन बॉल मारू नका. वेज, मग सात नंबरचं आयर्न, मग पुन्हा वेज, मग हायब्रिड. प्रत्येक वेळी टार्गेट बदला, मागे येऊन उभे राहा, नव्याने ग्रिप घ्या. यात फटके बिघडतात आणि राग येतो. पण कोर्सवर तरी एकच फटका सलग दोनदा कुठे मिळतो? 1979 साली शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता. एका गटाने एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्याने सगळ्या मिसळून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. नंतर परीक्षा घेतली तेव्हा मिसळून करणारे पुढे निघाले! आपल्यालाही हे माहीत आहेच की. एकाच टाइपची दहा इंटिग्रेशन सलग सोडवली की आपण न्यूटन असतो, आणि पेपरमध्ये सगळी मिसळून आली की घाम फुटतो.

लांब मारणारेच जिंकतात?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्यांना मी शिव शंकर प्रसाद चौरसियाचं नाव सांगते. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर होते. 1829 साली स्थापन झालेला हा ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना क्लब. तिथेच बघून बघून हा मुलगा शिकला. अंगाने लहान, लांब मारणाऱ्यांत कधीच गणला गेला नाही. पण चिपिंग आणि पटिंग असं, की लोक त्याला 'चिप-पट-सिया' म्हणायला लागले. त्याने 2008 ची इंडियन मास्टर्स जिंकली आणि 2016, 2017 अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन.

आणि अदिती अशोक? टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट 2021 मध्ये, आपण सगळे शनिवारी पहाटे उठून गोल्फ बघत होतो, ते तिच्यामुळे. ड्राइव्हमध्ये बाकीच्या मुली तिच्या कितीतरी पुढे जायच्या आणि ग्रीनवर आल्या की ती त्यांना गाठायची. शेवटी चौथी आली. सिल्व्हरच्या प्लेऑफसाठी एकच फटका कमी पडला. एका फटक्याची किंमत काय असते, ते त्या सकाळी माझ्यासारख्या गोल्फ न कळणाऱ्या मुलीलाही कळलं होतं.

शेवटी माझं कार्ड

या जानेवारीच्या शेवटी मी पुन्हा तोच नऊ होलचा हिशेब लिहिला. ड्रायव्हर 7. बाकीचे 20. म्हणजे तिथे काहीही सुधारणा नाही, दंडाचे फटकेसुद्धा आहेतच. पण 50 यार्डांच्या आतले 16 चे 13 झाले आणि पट 24 चे 18. एकूण 58. नऊ फटके कमी, आणि ते सगळेच्या सगळे सतरंजी, पेला आणि टॉवेल यांनी कमावलेले! काकांना कार्ड दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "आता पुढच्या थंडीत त्या वीसचं बघू."

58 काही फार भारी स्कोअर नाही, हे मलाही माहीत आहे. मामा अजूनही मला आरामात हरवतो. पण सेट परत द्यायचा विचार आता मनात येत नाही. जे करायला मजा येते त्याचाच सराव करत राहिलं की आपण जिथे आहोत तिथेच राहतो, हे मला गोल्फने शिकवलं. (आणि एम-थ्रीनेही, पण त्याची केटी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

तर मग, पुढच्या नोव्हेंबरात खेळायला जाल तेव्हा खिशात पेन्सिल ठेवा. नुसता आकडा लिहू नका, कुठून किती मारले ते लिहा. आणि त्या टण्ण आवाजाचा मोह झालाच, तर बादलीतले शेवटचे पाच बॉल ड्रायव्हरने मारा. आपण पण माणूसच आहोत ना!